समर्पणाची किंमत कोणी मोजली? ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

१

मराठीत ख्रिस्ती साहित्याची चर्चा निघाली की तिचा मार्ग ठरलेला असतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चा (१८५७) उल्लेख होतो. पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेपुढे मान लववली जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरविले जाते आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’जवळ येऊन चर्चा थांबते. ही नावे मोठी आहेत यात वाद नाही. परंतु नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातील मराठी चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसावे आणि बाकांवरच्या माणसांची आडनावे वाचावीत. ही माणसे महार आणि मांग वस्त्यांतून आली आहेत. मराठी ख्रिस्ती समाज मुख्यतः यांचा आणि मराठी ख्रिस्ती साहित्य मात्र यांचे नाही. हा विरोधाभास आमच्या समीक्षेने कधी नीट तपासला आहे काय?

या सर्व साहित्याचा मध्यवर्ती विषय एकच आहे, देवाला संपूर्ण वाहून घेतलेले आयुष्य. ख्रिस्ती भाषेत याला समर्पण म्हणतात. टिळक समर्पित होते, रमाबाई समर्पित होत्या, असे आपण म्हणतो. महारवाड्यातला कोणी ख्रिस्ती झाला तर मात्र भाषा बदलते. तो दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी गेला, शाळेच्या आशेने गेला, साहेबाच्या बंगल्यावर चाकरी मिळावी म्हणून गेला. ब्राह्मणाच्या धर्मांतराचे मोजमाप त्याने काय गमावले यावरून होते. अस्पृश्याच्या धर्मांतराचे मोजमाप त्याने काय मिळवले यावरून होते. ही दोन मापे आहेत आणि ती एकाच दुकानातली आहेत.

आपल्यापैकी बहुसंख्य बौद्ध आहेत. मी मांग ख्रिस्ती घरातला आहे, घरातला पहिला पदवीधर आहे आणि या शहरात मराठी शिकवतो. ‘दलित साहित्यात ख्रिस्ती कुठे बसतो?’ हा प्रश्न मला विद्यार्थी असल्यापासून विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा, आमच्या बाजूने वाचले पाहिजे असे मला वाटते.

२

समर्पण या शब्दाविषयी दलित वाचकाच्या मनात संशय असतो आणि तो रास्त आहे. चोखोबांनी स्वतःला विठ्ठलाला वाहून घेतले. त्यात काही उणे नव्हते. त्यांना मिळाली ती पायरी. मंगळवेढ्याला कुसू कोसळून ते गेले अशी परंपरा आहे. गावाची भिंत बांधायला महार चालतो, देवाच्या भिंतीआड मात्र चालत नाही, एवढा अर्थ त्या मरणात आहे. ज्याच्याजवळ काहीच ठेवलेले नाही त्याच्याकडेच सर्वस्व मागायचे, ही या देशातली जुनी रीत आहे.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. हा विचार मराठी मनाला फार भावला, कारण त्यात धर्म बदलूनही संस्कृती न सोडल्याचा दिलासा आहे. परंतु त्या पुलावरून जाण्याची मुभा कोणाला होती? ज्याला पायरीवरच थांबवले त्याने कोणत्या पुलावरून यायचे? आमचे लोक पुलावरून आले नाहीत. ते नदीतून आले, गळ्याइतक्या पाण्यातून आले, कोणी लेकरू खांद्यावर घेऊन आले. म्हणून त्यांच्या येण्याला काव्य चिकटले नाही.

आणि तरी १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. दलित स्त्रीच्या मराठी गद्याचा आरंभ आपण तिथून मानतो. त्या निबंधात ती थेट देवाला हाक मारते आणि आमचा धर्म कोणता ते सांग म्हणून विचारते. तिने ख्रिस्ती व्हायचे म्हणून ते लिहिले असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की आमच्या वाङ्मयाचा पहिला उद्गार देवापुढे मान तुकवणारा नाही, तो देवाला जाब विचारणारा आहे. दलित माणसाच्या समर्पणाचा विचार करताना हा उद्गार विसरता येत नाही. जो विचारू शकतो त्याचेच वाहून घेणे खरे. ज्याला विचारायची मुभा नाही त्याच्या समर्पणाला मी वेठ म्हणेन.

३

आता ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत हे पुस्तक आले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईला नवऱ्याने अक्षरे शिकवली आणि तिने मराठीतले एक सर्वांत जिवंत गद्य लिहिले. हे सर्व पाठ्यपुस्तकातही येते. विनोद, साधी भाषा, सोशिक पत्नी या तीन शिक्क्यांखाली ते पुस्तक गाडून टाकले आहे.

मला ते पुस्तक वेगळे दिसते. ते समर्पित माणसाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे पुस्तक आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपले सर्वस्व सोडले असे चरित्रकार लिहितात. त्या सर्वस्वात एक बायको होती आणि एक लहान मुलगा होता. सोडणारा आपल्या मनाने सोडतो, त्याला निदान आपण का सोडले ते माहीत असते. जिला सोडले तिने काय करायचे? पुढची काही वर्षे ती नवऱ्याविना नातलगांच्या दारी काढते. लोकांची सहानुभूती झेलते, तीही एका प्रकारचा मारच असते. टिळकांच्या समर्पणाची पहिली किंमत टिळकांनी मोजलेली नाही, ती लक्ष्मीबाईंनी मोजली आहे.

पुढे संसार पुन्हा जुळला तरी हिशेब मिटत नाही. टिळक देवाचे झाले म्हणजे घरातला पैसा दारी येणाऱ्याचा झाला. उद्या चूल कशी पेटायची याची चिंता त्यांना नाही, कारण त्यांचा विश्वास आहे. ती चिंता कोणीतरी करावीच लागते. ती बाई करते. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या पगारावर पाणी सोडतात आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला निघतात. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वांना कवेत घेणारे ते स्वप्न उदार होते, मिशनच्या साहेबी चौकटीला दिलेला तो नकार होता. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक वारले. स्वप्न पाहणारा गेला, मागे राहिली ती निस्तरणारी.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण हे की त्या हे सांगताना रडत नाहीत आणि नवऱ्याला संत करत नाहीत. त्या हसतात. त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड सांगताना त्या हसतात, नवऱ्याच्या विसराळूपणाला हसतात, स्वतःलाही हसतात. या हसण्याला आमच्या समीक्षेने ‘निर्मळ विनोद’ असे नाव देऊन त्याची धार काढून टाकली. वस्तुतः ते किंमत मोजणाऱ्याचे हसणे आहे. ज्याच्या हातात वही आहे त्याला देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा उधार-जमा माहीत असतो. भक्तीचे वाङ्मय आपल्याकडे उदंड आहे, परंतु भक्ताच्या घरातल्यांचे वाङ्मय जवळजवळ नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही उणीव भरून काढते.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाल्या असा सर्वसाधारण समज आहे. पुस्तक तसे म्हणत नाही. सोवळ्याच्या धाकात वाढलेली ही बाई नवऱ्याकडे परतल्यावरही आपले खाणेपिणे वेगळे सांभाळत होती. तिच्या मनातली जात नगर-राहुरीच्या दिवसांत गेली, ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने गेलेली नाही. माणसामाणसांतले हे भेद देवाचे नव्हेत, माणसांचे आहेत, हे तिला स्वतःच्या विचाराने उमगले. आधी जात गेली, मग १९०० साली बाप्तिस्मा आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अनेकांच्या बाबतीत तो उलटा असतो. बाप्तिस्मा येतो आणि जात यायची तशी मागोमाग आत येऊन बाकावर बसते.

अर्थात लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाला मर्यादा आहेत. त्यांच्या अवतीभवती जी ख्रिस्ती माणसे वावरतात त्यांतली कितीतरी आमच्या वस्त्यांतली आहेत. ती येतात, जेवतात, शिकतात, आजारी पडतात, पुस्तकातून निघून जातात. ती लक्ष्मीबाईंच्या मनाच्या बदलाला निमित्त होतात. त्यांच्या स्वतःच्या मनात काय बदलले हे आपल्याला कळत नाही. हा त्यांचा दोष नव्हे, त्यांनी आपले लिहिले. आमचे आम्ही लिहिले नाही.

४

आमचे आम्ही लिहिले नाही म्हणून मला इथे माझ्या घरचे सांगावे लागत आहे. वाचकांनी ते आत्मकथन म्हणून वाचू नये, पुरावा म्हणून वाचावे.

जालना हे नाव मराठी ख्रिस्ती इतिहासात येते ते नारायण शेषाद्री यांच्यामुळे. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आला आणि त्याने शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. तिथे राहायला आले ते प्रामुख्याने मांग आणि महार. इतिहासात शेषाद्रींचे नाव आहे आणि ते असलेच पाहिजे. परंतु गावकी, बलुते, भाऊबंद सोडून जी माणसे त्या माळावर येऊन राहिली, त्यांच्यापैकी एकाही माणसाची कहाणी मराठीत पुस्तक होऊन आलेली नाही. ज्याला दक्षिणा होती त्याने दक्षिणा सोडली याची नोंद आहे. ज्याला मेलेल्या ढोराचा वाटा आणि सुगीतले चार पायली धान्य एवढेच होते, त्याने ते सोडले याची नोंद नाही. मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट शुभवर्तमानात आहे. तिने कमी दिले नाही, सर्वांहून जास्त दिले, कारण तिच्याजवळ मागे काही उरले नाही, असे येशूने शिष्यांना समजावले. ती गोष्ट दरवर्षी चर्चमध्ये सांगितली जाते आणि इतिहास मात्र श्रीमंतांच्या दानाचाच लिहिला जातो.

माझी आजी त्या जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिला वाचता येत होते ते फक्त पवित्र शास्त्र. वर्तमानपत्र पुढे केले तर अक्षरे जुळवता यायची नाहीत, पण योहानाचे शुभवर्तमान घडाघडा वाचायची. दिवसभर रोजंदारीने खुरपायला जायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना गोळा करून प्रार्थना चालवायची. याचा तिला पगार नव्हता. चर्च झाडायचे, पाणी भरायचे, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पेले घासायचे ही कामेही तिचीच. मरीआईच्या गाड्यापुढे हलगी वाजवायला आजाने नकार दिला तो तिच्यामुळे. तेव्हा पाटलाच्या वाड्यावरून बोलावणे आले. आजा गप्प उभा राहिला, ती बोलली, “आमी येकाचं झालोत मालक. आता दुसऱ्याचं हुता यायचं न्हाई.” त्या वर्षी आजाला गावात कोणी सालगडी म्हणून ठेवले नाही.

समर्पण म्हणजे लाचारी नव्हे हे मला या वाक्याने शिकवले. एकाला सर्वस्व वाहिले म्हणून इतर सगळ्यांपुढे मान ताठ, असे या समर्पणाचे स्वरूप आहे. चोखोबांना जी मुभा मिळाली नाही ती तिने घेतली. दलित साहित्यात आपण ज्याला नकार म्हणतो तो हाच नकार. त्याची भाषा वेगळी आहे एवढेच.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर मी लक्ष्मीबाईंकडून काही शिकलो असे होणार नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझे वडील सातवी पास झाले. गावात पुढची शाळा नव्हती. गुरुजी भले गृहस्थ होते. घरी आले आणि म्हणाले, पोरगा हुशार आहे, तालुक्याच्या वसतिगृहात घालू, शिष्यवृत्ती मिळेल, फक्त दाखल्यावर ‘हिंदू मांग’ लिहावे लागेल. गावातल्या दोन ख्रिस्ती घरांनी तसे लिहिले होते. रविवारी ती घरे चर्चमध्येच असत. आजीने ऐकून घेतले आणि नाही म्हटले. “रोज ज्याचं नाव घेती त्याला कागदावर वळखत न्हाई म्हनू का गुरुजी?” वडील तेरा वर्षांचे होते. पुढच्या आठवड्यात ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथे सुकडी मिळत असे.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला आणि मराठी कथा हादरली. जात लपवून जगणाऱ्या माणसाची घुसमट त्यात आहे. आमच्या लोकांना जात चोरायची गरज नव्हती, ती सगळ्यांना माहीत होती. त्यांना धर्म चोरायला सांगितले गेले. सरकारी कागद सांगत होता, तू मांग आहेस हे आम्हाला मान्य आहे, पण येशूचे नाव घेतलेस तर तू मांग नाहीस. गाव मात्र कागद वाचत नव्हते. गावाच्या लेखी आम्ही येशूचे नाव घेऊनही मांगच होतो.

५

या कागदाचे मूळ सर्वांना ठाऊक असावे म्हणून थोडक्यात सांगतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना अनुसूचित जातीचे मानले नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ मध्ये सूसाई नावाच्या मद्रासच्या एका चर्मकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयासमोर आला. रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्या अनुसूचित जातीच्या कारागिरांना सरकारने टपऱ्या दिल्या. याला मिळाली नाही, कारण हा ख्रिस्ती. धर्म बदलल्यावरही तेच हाल तितक्याच तीव्रतेने कायम राहतात हे दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि दावा फेटाळला. रस्ता तोच, आरी तीच, चामडे तेच. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हे धर्माचे बंधन काढावे अशी शिफारस केली. २०२२ मध्ये या प्रश्नावर के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धा एका धर्मावर आणि सवलतीसाठी नाव दुसऱ्या धर्माचे हे चालणार नाही, असा निकाल दिला. ती नियमित चर्चला जाते ही गोष्ट तिथे तिच्या विरुद्ध गेली.

म्हणजे या देशात एका प्रकारच्या माणसाच्या भक्तीचा उपयोग साक्षीदारासारखा, त्याच्याच विरुद्ध केला जातो. जो अर्धवट भक्ती करतो तो तरून जातो. जो मनापासून करतो तो दंड भरतो. टिळकांना असा दंड राज्यकर्त्यांनी कधी ठोठावला नाही.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी पाहिले होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयी आपल्याला ओढ वाटते असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी हेही बजावले की अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, त्याची गरिबी मात्र जात नाही, आणि तुम्ही राजकारणात नाही म्हणून हे होते. माझे वडील त्या वेळी जन्मले नव्हते. १९८९ मध्ये त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवरील निबंध प्रसिद्ध झाले. त्यांत त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. तुझे दुःख तुझ्या पापामुळे आहे असे ज्याला शिकवले, तो आपल्या दुःखाचे कारण असलेल्या समाजाशी कशाला लढेल, असा त्यांचा आक्षेप आहे.

या आक्षेपाला उत्तर म्हणून आमचे पाळक आजी-आजोबांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतात. ते उत्तर नव्हे. आजीने पाटलाला नाही म्हटले तेव्हा ती समाजाशी लढलीच होती. प्रश्न तिचा नाही, तिच्या चर्चचा आहे. तिने खोटे लिहिण्यास नकार दिला ही गोष्ट त्या रविवारी उपदेशात कौतुकाने सांगितली गेली असे वडील सांगतात. मग तेरा वर्षांच्या मुलाच्या फीचे काय, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. ‘हालेलूया’ सर्वांनी म्हटले, खडी एकट्याने फोडली. पुढे त्या चर्चची शताब्दी झाली, स्मरणिका निघाली. मी ती वाचली आहे. तीत साहेबांचे फोटो आहेत, पाळकांचे आहेत, घंटेचे वजन आहे. चर्च झाडणाऱ्या बाईचे नाव नाही. आणि महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती यांच्यात त्या शंभर वर्षांत किती सोयरिकी झाल्या हा आकडाही नाही. स्मरणिकेला साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. वाचले पाहिजे. एखादा समाज कोणाचे समर्पण छापतो आणि कोणाचे वापरतो हे तिथे कळते.

६

मग आजी चुकली काय? हा प्रश्न मी नागसेनवनात शिकत असल्यापासून स्वतःला विचारतो आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात जे महाविद्यालय उभारले त्याच्या परिसरात बसून, माझ्या वडिलांची शाळा एका प्रार्थनेने संपली असे म्हणणे मला सोपे होते. मित्र म्हणत, तुझ्या आजीला देवाने फसवले.

आज मला दोन गोष्टी दिसतात. आजीच्या नकारात खोट नव्हती. सर्व अंतःकरणाने देवावर प्रीती करावी अशी पहिली आज्ञा आहे आणि ती तिने पाळली. परंतु तिला लागूनच दुसरी आज्ञा आहे, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची. येशूने या दोन आज्ञा वेगळ्या ठेवल्या नाहीत. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे आपल्याच चुलीपाशी बसलेले लेकरू. टिळकांना जो शेजारी रस्त्यावर दिसे तो स्वयंपाकघरात दिसत नसे. माझ्या आजीचेही तसे झाले असे मला प्रामाणिकपणे म्हणावे लागते. दोन आज्ञांमधल्या त्या फटीत लक्ष्मीबाई पडल्या, माझे वडील पडले. मात्र टिळकांपुढे दुसरा रस्ता होता, आजीपुढे सरकारने आणि चर्चने मिळून तो ठेवला नव्हता, हा फरक विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट माझ्या वेळची. मी दहावी झालो तेव्हा पुन्हा अर्ज भरायचा होता. आजी खाटेवर होती. या वेळी तीच म्हणाली, “लिव्ह काय लिव्हायचं ते. पोराचं शिक्षान देव मागत न्हाई. माझ्याकडून म्हागल्या खेपंला चुकलं आसंल.” वडिलांनी पेन घेतले आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिले. त्यांच्या अक्षराला वळण नव्हते, रकाना पुरला नाही. ते एवढेच म्हणाले, “आता खोटं लिव्हलं तर माझं गेलं ते फुकट गेलं म्हनायचं.” राज्याच्या इतर मागास यादीत अनुसूचित जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना जागा आहे, त्यावर माझी काही फी भागली. उरलेली त्यांनी बांधकामावर मुकादमी करून भरली.

आईचे समर्पण ज्याच्यावर लादले गेले होते त्याने त्या दिवशी ते आपले केले. लक्ष्मीबाईंनीही हेच केले होते. नवऱ्याच्या निर्णयाची किंमत मोजता मोजता त्यांनी स्वतःचा निर्णय घेतला, आणि तो नवऱ्याच्या निर्णयाहून अधिक तपासून घेतलेला होता. माझ्या मते मराठीतले खरे ख्रिस्ती समर्पण इथे आहे. पहिल्या आवेगात जो उडी घेतो त्याच्यापेक्षा, त्या उडीचे सर्व बरेवाईट भोगून झाल्यावर जो शांतपणे होय म्हणतो, त्याच्या होकाराला वजन जास्त.

लक्ष्मीबाईंना लिहिता येत होते. त्यांना शिकवणारा होता, शब्दांनी भरलेले घर होते. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ झाले. माझ्या वडिलांना सही करता येते आणि मजुरांची हजेरी मांडता येते. त्यांचे पुस्तक होणार नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्यानंतर आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्याला कितीतरी न ऐकलेले आवाज दिले. त्यांत ख्रिस्ती महार-मांगांचा आवाज अजून फार क्षीण आहे. दलित साहित्य आम्हाला ख्रिस्ती म्हणून बाजूला ठेवते आणि ख्रिस्ती साहित्य आम्हाला दलित म्हणून. सरकारचा कागदही तेच करतो. निदान आपण तरी त्या कागदाची री ओढू नये.

बेथेलच्या माळावर, घोगरगावच्या शिवारात, नगरच्या वस्त्यांत, या शहराच्या छावणीत अजून म्हातारी माणसे आहेत. त्यांच्या बापांनी काय सोडले आणि त्यांनी स्वतः काय भोगले हे त्यांना सांगता येते. चर्चमध्ये ‘साक्ष’ द्यायला उभे राहिले की ती माणसे फक्त देवाने काय दिले ते सांगतात, कारण तिथे तेवढेच विचारले जाते. आपण त्यांना दुसरा प्रश्न विचारला पाहिजे, तुमच्याकडून काय घेतले गेले आणि ते कोणी घेतले? मी माझ्या वडिलांपासून सुरुवात केली आहे. रोज संध्याकाळी एक पान होते. कधी ते बोलत नाहीत, त्या दिवशी पान कोरे राहते. ज्यांच्या घरी असे म्हातारे आहेत त्या तरुण मित्रांनी, ते बौद्ध असोत की ख्रिस्ती, वह्या काढाव्यात. आपली समीक्षा पुढे काय वाचणार हे त्या वह्यांवर अवलंबून आहे.